पाय टेकत नव्हते

माझ्या संगणकात एक कळ होती. ती दाबली की पडद्यावर एक अख्खं वाक्य उमटायचं : 'जोर लावताना ओटीपोटाच्या तळाचा स्नायू सैल होत नाही.' मुलांच्या रुग्णालयातल्या एक्स-रे विभागात मी रिपोर्ट टाइप करतो. मोठे साहेब, म्हणजे विभागाचे डॉक्टर, बोलतात, मी कानाला यंत्र लावून ऐकतो आणि बडवत सुटतो. हे वाक्य ते इतक्यांदा बोलायचे की बोटं वाचवायला मी त्याची कळ करून ठेवली. तेव्हा मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. आता आठवलं की लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

ती कळ जिच्यामुळे गेली तिची ही हकीकत आहे. आम्ही तिला टाचणी म्हणायचो. पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणायचो आणि ती 'ओ' द्यायची. उंची साडेचार फुटांना दोन बोटं कमी. बावीस वर्षं एकाच खोलीत एकाच मशीनवर काम केलेली तंत्रज्ञ. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर माशीला जाब विचारायची.

तिचा स्वभाव कळायला एप्रनची गोष्ट पुरे. किरणांपासून अंग वाचवायला तंत्रज्ञांना शिशाचा जड एप्रन घालावा लागतो. आमच्याकडचे सगळे एप्रन धिप्पाड माणसांच्या मापाचे. टाचणीच्या अंगावर तो घोट्यापर्यंत लोळायचा, दोनदा पाय अडकून ती पडली. लहान मापाचा मागायला गेली तर भांडारातला बाबू म्हणाला, "एका माणसासाठी वेगळा मागवायचा?" ती म्हणाली, "नका मागवू. मला वाढवून द्या." मग दर महिन्याच्या एक तारखेला तोच अर्ज, त्याच शब्दांत. एकोणतीस अर्ज केले. तिसाव्या महिन्यात एप्रन आला. त्या दिवशी तिने एकोणतीस प्रतींची फाइल बाबूच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "घ्या, रद्दीत घाला. माझं काम झालं."

लग्न ठरताना तिची सासू म्हणाली होती, 'मुलगी बरी आहे, पण अर्धीच आहे.' नवरा सुतार. त्याने काही न बोलता घरातल्या प्रत्येक खुर्चीपुढे एकेक लाकडी ठोकळा करून ठेवला. "माझे पाय आयुष्यभर हवेत आहेत, भाऊ," ती मला म्हणायची. "शाळेच्या बाकावर हवेत, बसमध्ये हवेत, नोकरीच्या मुलाखतीत हवेत. फक्त घरी टेकतात. म्हणून मी घरी भांडत नाही." तिच्या नवऱ्याला हे मान्य नसावं, पण तो बोलत कमी.

आता आमच्या खोलीत काय चालायचं ते सांगतो. नाक मुरडायचं असेल त्यांनी मुरडावं. ज्या पोरांना शी होत नाही, किंवा जिथे होऊ नये तिथे होते, त्यांची आमच्याकडे एक तपासणी असते. बेरियमची पांढरी पावडर बटाट्याच्या पिठात घट्ट कालवून तो लगदा पोराच्या मागच्या वाटेने आत भरायचा. मग त्याला मशीनपुढच्या प्लास्टिकच्या भोक पाडलेल्या खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, कर आता. आत काय होतं ते पडद्यावर चालू चित्रात दिसतं. मलाशयाच्या मागून एक स्नायू लगामासारखा वळसा घालून गेलेला असतो. निरोगी माणसाने कुंथलं की लगाम ढिला पडतो, वाट सरळ होते आणि माल बाहेर येतो. काहींचा लगाम ऐन वेळी उलट खेचला जातो. तसं दिसलं की साहेब ते वाक्य बोलणार आणि मी कळ दाबणार.

ही तपासणी म्हणजे लाजेचा कडेलोट असतो. पोरं दारातच थिजायची. त्यावर टाचणीने एक युक्ती काढली होती. दार उघडून ती चौकटीच्या आतल्या बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, "ये बघू, तू माझ्याएवढा झालास का?" पोरगं पाठ ताठ करून चौकटीला टेकायचं, ती पेन्सिलीने डोक्यावर रेघ मारायची, शेजारी तारीख टाकायची. तोवर पोरगं खोलीच्या आत आलेलं असायचं. चौकट खालपासून वरपर्यंत रेघांनी भरली होती. सरकारी लाकूड खराब केलं म्हणून साहेबांनी तिला दोनदा बोल लावले होते. तिने दोन्ही वेळा कानाडोळा केला.

आणखी एक. 'काही होणार नाही बाळा' असं ती कधी म्हणाली नाही. ती सांगायची, "हे विचित्र वाटणार आहे. दुखलं तर बोल, मी थांबेन." आणि पोराने बोट जरी उचललं तरी ती थांबायची, मागे साहेब घड्याळ बघत असले तरी.

ती मुलगी आली तेव्हा आठ वर्षांची होती. दोन वर्षं तिची चड्डी खराब होत होती, न सांगता, न कळता. आई शिवणकाम करायची. मुलीच्या दप्तरात पुस्तकांखाली तीन जादा चड्ड्या आणि गाठ मारलेली एक पिशवी. वर्गात ती शेवटच्या बाकावर, एकटी. आई दारातच म्हणाली, "हिला सगळं कळतं, पण करत नाही. आळशी आहे नुसती."

"बाई," टाचणी म्हणाली, "आळशी माणूस रोज तीन चड्ड्या भरून शाळेत जात नाही."

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. मग ती चौकटीला टेकून उभी राहिली. रेघ टाचणीच्या हनुवटीशी आली.

त्या दिवशी खोलीत भाऊगर्दी होती. साहेब, दोन शिकाऊ डॉक्टर, नर्स, आणि मशीनची काहीतरी कुरकुर बघायला आलेला दुरुस्तीवाला. टाचणीने दुरुस्तीवाल्याला हाकललं, बाकीच्यांना हाकलणं तिच्या हातात नव्हतं. दोन लोखंडी पायऱ्या चढून मुलगी खुर्चीत बसली. मग नेहमीप्रमाणे पायऱ्या काढून घेतल्या, कारण मशीनचा हात खाली-वर फिरताना त्यांना अडकतो. मुलगी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून बसली.

"कर," साहेब म्हणाले. "जोर लाव. अगं, लाव ना."

तिने लावला. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि पडद्यावर लगाम आणखी घट्ट झाला. चार मिनिटांनी साहेबांनी हात झटकला. माझ्या कानात वाक्य आलं आणि मी कळ दाबली.

त्या एका वाक्यावर गाडी पुढे गेली. औषधं आधीच देऊन झाली होती, आता सर्जनबाईंनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. त्या स्नायूची एक पट्टी कापायची. वाट मोकळी होईल असा अंदाज. आणि जास्त कापलं गेलं तर वाट पुन्हा कधी पुरती बंद होणार नाही, आज होतंय ते जन्मभर होत राहील. सर्जनबाईंनी हे आईला नीट, न लपवता सांगितलं. आईने मान डोलावली आणि सही केली. दोन वर्षं धुणं धुतलेली बाई कशावरही सही करते.

इकडे तपासणी संपल्यावर टाचणी मुलीला ओल्या टॉवेलने पुसत होती. मुलगी हळूच म्हणाली, "तुमच्या खुर्चीत मला पडल्यासारखं वाटतं."

"कशाने?"

"पाय लोंबतात. घरी मी बादली उपडी घालते पायाखाली. घरी होते मला थोडी थोडी. शाळेतच नाही जात. तिथल्या दाराला कडी नाहीये."

टाचणी माझ्या खोलीत आली तेव्हा तिच्या हातात तो ओला टॉवेल तसाच होता.

"भाऊ, माझे पाय हवेत असले की मी कशी बसते?"

"आखडून," मी म्हटलं. "मांड्या आवळून."

"आणि मी पोरांना तसंच बसवून वर सांगते, सैल सोड." ती खुर्चीत बसली, आणि अर्थात तिचे पाय लोंबत राहिले. "दुसऱ्या कुणाला कळलं नाही तर एक वेळ चाललं असतं. मला कळायला नको होतं?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे न उघडता चौकटीपुढे बसलो. रेघेशेजारची तारीख ती वाचायची, मी त्या तारखेचा रिपोर्ट काढायचो. त्या खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकायला उंची किती लागते, ते तिने दोऱ्याने मोजून चौकटीवर एक जाड आडवी रेघ मारली. त्या रेघेच्या वर सत्तावीस पोरं निघाली. माझी कळ त्यांतल्या पाच जणांना लागली होती. रेघेच्या खाली, त्या मुलीला सोडून, छत्तीस. त्यांतल्या चौतीस जणांना लागली होती.

मी तो आकडा पुन्हा मोजला. मग पुन्हा. इतक्या पोरांचे स्नायू एकाच पद्धतीने बिघडतील आणि उंची वाढली की आपोआप दुरुस्त होतील, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? आणि मी चौतीस वेळा एक बोट खाली दाबलं होतं. डोक्याचा वापर एकदाही केला नव्हता.

दर मंगळवारी आमच्या विभागात बैठक असते. साहेब, सर्जनबाई, शिकाऊ डॉक्टर. तंत्रज्ञांना बोलावणं नसतं. टाचणी न बोलावता गेली आणि लिहून घ्यायच्या निमित्ताने मला घेऊन गेली. तिने आकडे सांगितले. म्हणाली, पायाखाली ठोकळा देऊन त्या मुलीची तपासणी परत करा, गुरुवारच्या आधी.

साहेब माणूस वाईट नाहीत. पण वीस वर्षं ज्या खुर्चीच्या जोरावर रिपोर्ट दिले ती खुर्चीच चुकीची, हे ऐकायला कुणाला आवडेल? ते हसले. "बाई, पोरं जोर लावत नाहीत आणि तुम्ही खुर्चीला दोष देता. नाचता येईना अंगण वाकडं."

"साहेब, एकदा अंगण तरी बघा."

"आणि लहान मुलीला परत किरण द्यायचे? तुमच्या शंकेसाठी?"

"परत किरण नकोत, पण सुरी चालेल?"

शिकाऊ डॉक्टर वह्यांत बघायला लागले. टाचणीने कोपऱ्यातलं तपासणीचं टेबल पुढे ओढलं. "बसा यावर, साहेब. दोनच मिनिटं. मग म्हणाल ते ऐकेन."

ते का बसले ते मला आजही माहीत नाही. बहुतेक सर्जनबाई बघत होत्या म्हणून. ते बसले आणि टाचणीने टेबल वर घ्यायचं पायडल दाबायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, दहादा. साहेबांचे बूट जमिनीवरून उचलले गेले आणि लोंबायला लागले. त्यांच्या हातांनी आपोआप टेबलाची कड धरली.

"आता मांड्या सैल सोडा," ती म्हणाली. "पोट सैल सोडा. खालचं सगळं सैल सोडा. आम्ही पाच जण इथे उभे आहोत, तिकडे लक्ष देऊ नका. कुंथा."

कुणीही हसलं नाही. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग वेगळाच झाला. ते खरंच प्रयत्न करून बघत होते, हे माझ्या लक्षात आलं आणि मला त्यांच्याविषयी पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं. पाय हलत होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"खाली घ्या," ते म्हणाले.

सर्जनबाईंनी तिथल्या तिथे फेरतपासणीचा कागद लिहिला. "माझी तारीख बुधवारी रात्रीपर्यंत तशीच राहील," त्या म्हणाल्या. "तोवर मला चित्र दाखवा."

साहेबांनी शेवटचा अडसर घातला. "ठोकळ्याचे खिळे चित्रात येतील."

"एकही खिळा नाही. नवऱ्याने लाकडी खुंट्यांनी जोडलाय. मशीनचा हात अडकू नये म्हणून रुंदीही मोजून घेतलीय." म्हणजे ठोकळा आधीच तयार होता. ती परवानगी मागायला आलीच नव्हती, कळवायला आली होती.

बुधवारी सकाळी मुलगी आली. आईचा चेहरा आक्रसलेला, कारण पुन्हा आशा करणं तिला परवडत नव्हतं. टाचणीने खुर्चीभोवती दोरी बांधून चादर टांगली. आत ती आणि मशीनचा डोळा, काचेमागे साहेब. बाकीचे सगळे व्हरांड्यात. मी माझ्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलो होतो.

आधी टाचणीचा आवाज आला. "पाय टेकले?"

"टेकले."

"कोपरं गुडघ्यांवर ठेव. घाई नाही. मी भिंतीकडे बघत्येय."

मग बराच वेळ काहीच नाही. मी यंत्र बिघडलं की काय म्हणून तपासलं. तेवढ्यात मुलगीच बोलली, अगदी साध्या आवाजात. "झाली."

साहेबांचा श्वास ऐकू येत होता. मग ते बोलायला लागले, हळूहळू, एकेक शब्द. 'जोर लावताना ओटीपोटाच्या तळाचा स्नायू पूर्णपणे सैल होतो. वाट सरळ उघडते. मलाशय मात्र जुन्या साठ्याने फार ताणलेलं आहे.' या वाक्यांना माझ्याकडे कळ नव्हती. अक्षर अक्षर टाइप करावं लागलं आणि माझी बोटं दोनदा चुकली. ते झाल्यावर जुनी कळ मी पुसून टाकली.

गुरुवारची सुरी रद्द झाली. मुलगी शाळेत दिवसभर दाबून धरायची. आत साठा कडक होऊन बसायचा आणि त्याच्या कडेने पातळ गळायचं. तिला कळायचंही नाही. स्नायू धडधाकट होता. औषधं आधीही दिली होती, पण रोज दाबून धरणाऱ्यापुढे औषध काय करणार? आता आधी साठा पुरता काढून पुढे वर्षभर औषध, सकाळी ठोकळ्यावर पाय ठेवून दहा मिनिटं, आणि शाळेच्या दाराला कडी. कडीसाठी मुख्याध्यापकांनी वेळ लागेल म्हणून सांगितलं. शनिवारी टाचणीचा नवरा हत्यारांची पिशवी घेऊन गेला आणि अर्ध्या तासात कडी बसवून आला. आई मात्र बुधवारी व्हरांड्यात मुलीचं दप्तर मांडीवर घेऊन रडत होती. "मी हिला मारलंय हो," ती टाचणीला म्हणाली. "याच्यासाठी मारलंय."

"आता तिला ते सांगा," टाचणी म्हणाली. "माझ्याजवळ रडून काय होणार? तिच्याजवळ बोला."

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांनाच सोयीचं झालं असतं. पण पुढच्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून टाचणीला पत्र आलं. विनापरवानगी फर्निचर मशीनच्या खोलीत आणल्याबद्दल आणि चौकट विद्रूप केल्याबद्दल खुलासा करावा. ते पत्र कुणी लिहायला लावलं हे मी विचारलं नाही. तिने माझ्यासमोर बसून उत्तर सांगितलं आणि मी टाइप केलं. दोनच वाक्यं होती. 'ठोकळा मी आणला. मुलांचे पाय टेकत नव्हते.' सोबत तिने चौतीस नावांची यादी जोडायला लावली : यांना परत बोलवा.

साहेबांनी यादी वाचली. त्यांचं बोट एका नावावर थांबलं. त्या पोराची पट्टी दोन वर्षांपूर्वी कापून झाली होती, आणि त्याची वाट आता पुरती बंद होत नव्हती. "हे नाव काढा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "त्याला बोलावून आता काय करणार आहात?"

"खरं सांगणार," टाचणी म्हणाली. "त्याच्या घरचे समजत असतील, पोरातच खोट होती. ते नाव काढायचं नाही साहेब, पहिलं घालायचं. सही तुम्ही करणार नसाल तर मी करते. मग माझ्या नोकरीचं काय करायचं ते वरच्यांना ठरवू दे."

साहेबांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "पत्रं तयार करा."

टाचणीची चौकशी अजून चालू आहे. चौकट त्यांनी रंगवून टाकली. रंग वाळल्यावर तिने त्यावर पहिली रेघ स्वतःच्या डोक्याची मारली, तारखेसकट.

पत्रांचं काम माझ्याकडे आलं. पहिलं पत्र त्या पोराच्या घरी. वरती तारीख, नाव, पत्ता. मग हे वाक्य : 'आपल्या मुलाच्या तपासणीच्या वेळी त्याचे पाय जमिनीला टेकलेले नव्हते. ही चूक आमची होती, त्याची नव्हती.' सगळ्या पत्रांत हेच वाक्य होतं. त्याची कळ करता आली असती. मी चौतीस वेळा हाताने टाइप केलं.